वन बीएचकेत सेंट बर्नार्ड पाळू इच्छिणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

मुंबईत चारशे चौरस फुटांचं घर झालं, हप्ता सुरू झाला, आणि तरीही महिनाअखेरीला खात्यात थोडे पैसे शिल्लक राहतात, अशी तुमची अडचण असेल तर सेंट बर्नार्ड पाळा. दोन महिन्यांत गुण येतो.

लहान जातीच्या फंदात पडू नका. पॉमेरियन सोफ्याखाली मावतं, आणि जे सोफ्याखाली मावतं त्याची सोसायटीच्या मीटिंगमध्ये चर्चा होत नाही. सेंट बर्नार्ड वाढून साठ-सत्तर किलोंचा होतो, कधी त्याहूनही जास्त. तो आला म्हणजे घरात आणखी एक सोफा आला. हा सोफा लाळ गाळतो आणि पाहुणे आले की उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवतो, एवढाच फरक.

घराणं विचाराल तर बोलायची सोय नाही. आल्प्समधली ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड 2,469 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या बरोब्बर दीडपट. तिथल्या मठातले संन्यासी बर्फात वाट चुकलेल्यांना शोधायला हे कुत्रे पाळत. त्यातल्या बॅरीने चाळीसच्या वर माणसं वाचवली असं सांगतात. 1814 मध्ये तो गेला आणि आजही बर्नच्या संग्रहालयात पेंढा भरून उभा आहे. अशा कुळातलं लेकरू मे महिन्यात मुलुंडला आणायचं, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याचाही पुतळा कुठेतरी उभारायला हवा. बर्फ लागलाच तर उसाच्या रसवाल्याकडे मिळतो.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकून, तोंडातलं पाणी उडवून तो अंग थंड करतो. मुंबईच्या हवेत आधीच इतकं पाणी असतं की त्याचं उडायला जागाच नसते. तेव्हा एसी घ्यावा लागेल. एसी त्याचा, पण त्या खोलीत तुम्ही बसलात तर त्याची ना नसते. विजेच्या बिलात पाचशे युनिटांच्या वरचा एक टप्पा असतो. तिथे काय दर लागतो हे सुशिक्षित माणसाला माहीत असलेलं बरं.

पिल्लू घेताना पाच आकडी रक्कम मोजली की खर्च झाला, असं वाटून तुम्हाला हलकं वाटेल. त्या संध्याकाळचा मनसोक्त आनंद घ्या. चार आण्याची कोंबडी घरात आली आहे, मसाला अजून यायचा आहे. मोठ्या कुत्र्याचं सगळं किलोवर चालतं. जंताची गोळी दर दहा किलोला एक, म्हणजे तुमच्या दोघांच्या मिळून वर्षाच्या क्रोसिन होत नाहीत तेवढ्या त्याला एका बैठकीत सात. गोचिडांचं औषध मोठ्यात मोठ्या मापाचं घेतलं तरी वर थोडा कुत्रा उरतोच. भूलसुद्धा वजनावर. कोरडं खाणं दिवसाला पाऊण-एक किलो धरा. महिन्याची गोण आली की वॉचमन विचारतो, "साहेब, कॅटरिंग सुरू केलं काय?" पालिकेचा परवाना मात्र आठवणीने काढा. या सगळ्या खरेदीत खिशाला न कळणारी ती एकच वस्तू आहे.

(आई घरी असेल तर एवढं सांगून ठेवा. "एवढी मोठी हाडं, कॅल्शियम नको का?" म्हणून ती पिल्लाला बाटलीतलं टॉनिक पाजेल. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं जास्तीच्या कॅल्शियमने बिघडतात. आणि प्रसादाचा शिरा देताना बेदाणे काढायचे, त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे उपरोधाने म्हणत नाही.)

आता विमा. शहाणा माणूस विमा काढतोच. एजंट फोनवर इतकं प्रेमाने बोलतो की मुलीच्या लग्नातही कुणी तसं बोललं नसेल. "सर, फुल कव्हर आहे." मग कागद येतात. ते रात्री जेवण झाल्यावर वाचू नका.

लसी, जंताची औषधं, नेहमीची तपासणी यांचा खर्च सहसा तुमचा. कारण तो होणारच असतो, आणि विमा होणाऱ्या खर्चासाठी नसतो. लस दिली नाही आणि तोच रोग झाला, तर चूक तुमची. जन्मजात दोष वगळलेले. खुब्याचा सांधा नीट न बसणं हा या जातीचा खानदानी आजार आहे, त्यामुळे तो कुठल्या रकान्यात पडतो ते सही करण्याआधी विचारून घ्या. पहिले काही दिवस प्रतीक्षेचे. तेवढे दिवस आजारी पडायचं नाही, हे कुत्र्याला तुम्ही समजवायचं. ओळख पटावी म्हणून त्याच्या मानेत मायक्रोचिप बसवा. उद्या कुणी दुसराच सत्तर किलोंचा सेंट बर्नार्ड आणून तुमच्या पॉलिसीवर उपचार करून घेतला तर काय करणार?

त्यात मोठ्या जातींचं आयुष्य आठ-दहा वर्षांचं, म्हणून विम्याचं दार त्यांना लहान जातींपेक्षा लवकर बंद होतं. ऐन दुखण्याच्या वयात तो स्वावलंबी होतो. माणसाच्या वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला. सेंट बर्नार्डला अजून माणसांत धरलेलं नाही.

इतरांना झालेल्या इजेचं कव्हर मात्र घ्या. प्राण्याच्या बाबतीत हलगर्जी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. आमच्या बाळूने आजवर कुणाला चावलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या नानांवर तो फक्त प्रेमाने टेकला होता. त्यानंतर नानांनी कमरेचा पट्टा लावून वार्षिक सभेत ठराव मांडला: कुत्र्याला लिफ्टबंदी. मी प्राणी कल्याण मंडळाचं परिपत्रक फडकावलं, पाळीव प्राण्याला लिफ्ट नाकारता येत नाही म्हणून. ठराव पडला. नानांनी माझ्याशी बोलणं सोडलं, आणि मी ते विजयाच्या खात्यात जमा केलं.

मग एका रात्री पावणेदोनला बाळू उठून येरझारा घालू लागला. उलटी काढायचा, नुसता फेस यायचा. पोटाला हात लावला तर ढोलकीसारखं ताणलेलं. रुंद छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट असं वायूने फुगतं आणि मग स्वतःभोवती पीळ घेतं. रक्त अडतं, हातात असतात ते तास, दिवस नव्हे. दिवसाचं सगळं खाणं एकदम, घाईघाईने खाल्लं की धोका वाढतो, हे मला माहीत होतं. त्या दिवशी लोकल बंद पडल्याने मी उशिरा आलो होतो आणि दोन वेळचं एकदम वाढलं होतं. पोट आधीच टाके घालून आतून अडकवून ठेवायची शस्त्रक्रियाही असते. ती विम्यात बसत नव्हती, म्हणून मी लांबणीवर टाकली होती.

आणि लिफ्ट बंद होती. जिच्यासाठी मी परिपत्रक फडकावलं होतं, तीच.

पाचव्या मजल्यावरून एवढा कुत्रा खाली कसा आणायचा, हे पॉलिसीत कुठेच नाही, मी नंतर शोधलं. सतरंजी लागते. चार कोपऱ्यांना चार माणसं लागतात. मी, बायको, वॉचमन. चौथा कोपरा जमिनीला घासत आम्ही तिसऱ्यापर्यंत आलो तेव्हा दार उघडलं. नाना बनियनवर, कमरेला पट्टा. म्हणाले, "डोकं वर धरा त्याचं, मूर्खांनो," आणि कोपरा उचलला. खाली दोन टॅक्सीवाल्यांनी सतरंजीत डोकावून काच वर केली. तिसरा थांबला, वर म्हणाला, माझ्या गावाला म्हैस आहे.

बाळू वाचला. बिल विम्याकडे पाठवलंय. त्यांनी मूळ पावत्या, लसींचं कार्ड आणि "घटनेच्या वेळी काढलेला, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो" मागितलाय.

तुम्ही पॉलिसी कुठलीही घ्या. सतरंजी मात्र जाड बघा, दादरला चांगली मिळते. आणि नानांशी आत्तापासूनच बोलायला लागा. त्यांना गोड चालत नाही, कडबोळी आवडतात.