टाकीत टीसीएल पडले म्हणजे नळाला शुद्ध पाणी आले, असे नव्हे

नळाच्या पाण्यावरच्या एका लेखात ‘टाकीत रोज टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकतात, म्हणून पाणी सुरक्षित’ असे म्हटले आहे. पण तेवढ्याने भागत नाही. तपासणी टाकीवर नको, शेवटच्या नळावर हवी. दिवसाआड पाणी सुटते तिथे मधल्या वेळात पाइप रिकामा होतो आणि गळक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरूच नये.

टीसीएलमध्ये ताजे असताना साधारण ३३ टक्के क्लोरीन असते. पोते उघडे किंवा ओलीत राहिले की ते उडून जाते, मग ठरलेले माप टाकूनही उपयोग नाही. १००० लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण चांगल्या पावडरीचे आणि स्वच्छ पाण्याचे. पावडर बादलीत कालवून तिच्यातला चुना खाली बसू द्यावा, फक्त वरची निवळी टाकीत ओतावी आणि निदान अर्धा तास पाणी सोडू नये. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्च होतो, त्यामुळे पावसाळ्यात आधी तुरटी आणि गाळणी हवीच.

शेवटच्या नळावर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. ओटी टेस्टमध्ये (पाण्यात ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकून क्लोरीन पाहण्याची चाचणी) पिवळा रंग आला नाही, तर ते पाणी उकळूनच प्या. बोअरच्या पाण्यातले नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र उकळून किंवा क्लोरीनने जात नाहीत, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.