'गाठ काढली की रेडिएशन नको' हा मेसेज अर्धवट आहे

"स्तनातली फक्त गाठ काढली असेल तर रेडिएशन लागत नाही, परदेशात सिद्ध झालंय" असा मेसेज फिरतोय. अभ्यास खरा आहे, पण तो सगळ्यांना लागू नाही.

ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या 'प्राइम टू' या अभ्यासाचे १० वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. त्यातल्या स्त्रिया ६५ किंवा त्याहून मोठ्या होत्या. गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत, हार्मोनला प्रतिसाद देणारी, काखेत पसरलेली नाही, शिवाय हार्मोनचे उपचार चालू. तरीही रेडिएशन न घेतलेल्या ९.५ टक्के जणींना त्याच बाजूला कॅन्सर उलटला, घेतलेल्यांत ०.९ टक्के. जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता, म्हणून अशा मोजक्या जणींनाच डॉक्टर हा पर्याय सुचवतात.

बाकीच्यांचं? २०११ मध्ये १७ चाचण्यांतल्या १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. रेडिएशनमुळे १० वर्षांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण ३५ वरून सुमारे १९ टक्क्यांवर आलं, मृत्यूही घटले. चाळिशीतल्या एखादीने हा मेसेज वाचून उपचार सोडले तर? मला काळजी तिची वाटते.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.