पायवाटेवर पट्टा हवाच

कुत्र्यांना निसर्ग उद्यानात फिरवण्याबद्दलचा तुमचा लेख वाचला. उपनगरातल्या मोठ्या निसर्ग उद्यानात कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली वेगळी जागा असेल, तर तिथे त्यांना मनसोक्त पळू द्या, हे त्यातलं म्हणणं अगदी पटलं. पण पायवाटांवर ‘शक्यतो’ पट्टा लावा असं लिहिलंय, ते खटकलं. शक्यतो नाही, लावाच! टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, खडीत ती चटकन दिसतही नाहीत. कुत्रा नुसता हुंगत जवळ गेला तरी पक्षी उठतो आणि अंडी उन्हात उघडी पडतात. कुत्र्याची विष्ठाही उचलायलाच हवी, ते काही खत नव्हे. त्यातल्या जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकू शकतात. आणि हो, गवतातून फिरून आल्यावर कानांमागे, पंजांच्या बेचक्यांत गोचीड आहे का ते बोटांनी चाचपून बघा. दाट केसांत ती नुसत्या नजरेला सापडत नाही.