पायऱ्या उलट जातात का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

त्रिकोणमितीय नित्यसमानतांवरील (कोनाच्या प्रत्येक किमतीला खऱ्या ठरणाऱ्या समीकरणांवरील) माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप दोन आहेत. दोन्ही बाजूंवर एकाच वेळी क्रिया करत ‘० = ०’ वर येणाऱ्या मुलांचे गुण मी कापतो, हा निव्वळ कारकुनी हट्ट आहे, असे आपण म्हणता; आणि साइन (अ + ब) चे सूत्र मी ज्या आकृतीवरून सिद्ध केले, ती लघुकोनांपुरतीच चालते, असेही आपण दाखवून दिले आहे.

दुसरा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. एकक वर्तुळावर, म्हणजे १ त्रिज्येच्या वर्तुळावर, (कॉस अ, साइन अ) आणि (कॉस ब, साइन ब) हे बिंदू घेऊन त्यांच्यातील अंतराचा वर्ग दोन रीतींनी काढला, की कॉस (अ − ब) चे सूत्र कोणत्याही कोनांसाठी मिळते आणि बाकीची सूत्रे त्यातून निघतात. लेखात तशी दुरुस्ती करतो.

पहिल्या आक्षेपाबाबत मात्र माझे मत बदललेले नाही. प्रत्येक पायरी उलट जाऊ शकत असेल, म्हणजे खालच्या ओळीवरून वरची ओळही मिळत असेल, तर ती सिद्धता बरोबरच आहे, हे आपले म्हणणे खरे. पण ती उलट जाते हे तपासले कोणी? गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या अकरावीच्या वर्गात मी मुद्दाम √(१ − साइन २अ) = कॉस अ − साइन अ हे विधान फळ्यावर लिहिले. एका हुशार मुलीने दोन्ही बाजूंचे वर्ग केले, साइन (अ + अ) चे सूत्र वापरून दोन्हीकडे १ − २ साइन अ कॉस अ आणले आणि खाली ‘सिद्ध झाले’ असे लिहून रेघ ओढली. मग मी तिला अ = ६०° घ्यायला सांगितले. डावी बाजू सुमारे ०.३६६ आली, उजवी उणे ०.३६६. ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. विधानच खोटे होते आणि आपल्या पद्धतीने ते ‘सिद्ध’ झाले होते, कारण वर्ग करण्याची पायरी उलट जात नाही.

बेरीज-वजाबाकीची सूत्रे हाताशी असली, की दोन्ही बाजू ढवळण्याची गरज बहुधा पडत नाही, असा माझा अनुभव आहे. टॅन ३अ − टॅन २अ − टॅन अ = टॅन ३अ × टॅन २अ × टॅन अ हे उदाहरण घ्या. मुले सगळे साइन-कॉसमध्ये मांडून पानभर लिहितात. ३अ म्हणजे २अ + अ, एवढे दिसले तर टॅन ३अ (१ − टॅन २अ × टॅन अ) = टॅन २अ + टॅन अ हे लगेच मिळते, आणि पदे इकडची तिकडे केली की काम झाले. तिन्ही टॅन अस्तित्वात असले पाहिजेत, ही अट मात्र आधी लिहावी.

सूत्रे वापरण्यासाठी असतात, हा आपला मुद्दा मला मनापासून पटतो. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त भास्कराचार्यांनी दोन चापांच्या (वर्तुळाच्या कंसांच्या) बेरजेची आणि वजाबाकीची ‘ज्या’, म्हणजे आजच्या भाषेत साइन, काढण्याची रीत दिली, तीही अशा ‘ज्या’ंची कोष्टके रचण्याच्या गरजेतूनच.

यापुढे दोन्ही बाजूंनी सोडवणाऱ्या विद्यार्थ्याने ‘प्रत्येक पायरी उलट जाते’ असे कारणासह लिहिले, तर मी पूर्ण गुण देईन.