गिफ्ट कार्डातले उरलेले पैसे रोख मिळतात का?

‘गिफ्ट कार्डची मुदत संपली तरी उरलेली रक्कम दुकानदाराने रोख द्यायलाच हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे’ असा संदेश फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून कार्ड कपाटात ठेवणाऱ्याचंच नुकसान होतं.

एखाद्या दुकानाने फक्त स्वतःकडच्या खरेदीसाठी काढलेलं कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियमनात येतच नाही. त्याची मुदत आणि अटी दुकानच ठरवतं. त्या घेण्याआधी वाचा.

बँकेच्या गिफ्ट कार्डचं वेगळं. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या निर्देशांनुसार त्यात कमाल 10,000 रुपये, पुन्हा भरणा नाही, रोख काढणं नाही. मुदत किमान एक वर्ष. पैसे परत जाऊ शकतात ते फक्त कार्ड ज्या खात्यातून भरलं त्याच खात्यात, तेही कार्डधारकाच्या संमतीने. मुदत संपली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज करा.

खरी अडचण काउंटरवर येते. कार्डात 640 रुपये आणि बिल 900 असेल, तर पूर्ण रकमेचा व्यवहार नाकारला जातो. म्हणून आधी शिल्लक तपासा, ‘या कार्डावर 640 घ्या’ असं कॅशियरला सांगा आणि उरलेले 260 यूपीआयने द्या.

पावती आणि कार्ड क्रमांक जपून ठेवा. दुकानातून घेताना पिनवरचा स्क्रॅचचा पट्टा खरवडलेला दिसला तर ते कार्ड घेऊ नका. आणि फोनवरून दंड, कर किंवा वीजबिलासाठी कार्डचा पिन मागणारा माणूस ठगच असतो.