त्या दाराशी 'गड सर' म्हणू नका

आज सकाळी इथे घानात, अक्राच्या आपल्या मराठी ग्रुपवर किनाऱ्यावरच्या एल्मिनाच्या किल्ल्यातले फोटो आले. तोफेवर बसलेले पाच जण, हात वर, खाली ओळ : 'आफ्रिकेतला गड सर!' दोन तास झाले, डोकं शांत होत नाहीये.

दोन वर्षांपूर्वी मी बाबांना तिथे घेऊन गेलो होतो. त्यांचं आयुष्य सह्याद्रीतले किल्ले चढण्यात गेलं. कुठल्याही गडावर आधी पायरीला हात लावून कपाळाला लावणार, मगच आत पाऊल. एल्मिनाचा खंदकावरचा पूल ओलांडला आणि सवयीने दारात वाकले. गाइडला वाटलं काही पडलं, तोही खाली शोधायला लागला.

'किल्ला' म्हटलं की आपली छाती फुगते, तिथेच गफलत होते. पोर्तुगीजांनी हा १४८२ मध्ये बांधला तो सोन्याच्या व्यापारासाठी. पुढे माणसंच माल झाली. १६३७ मध्ये डचांनी तो घेतला आणि पावणेदोनशे वर्षं हाच धंदा चालवला. अटलांटिकपलीकडे जायला आफ्रिकेतून जहाजांत कोंबलेली माणसं सव्वा कोटीच्या आसपास, त्यातली अठरा लाख वाटेतच मेली. आणि आपण म्हणायचं, गड सर!

हो, माणसं पकडून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तिथलेच राजे आणि दलाल होते. मान्य. पण म्हणून कोठड्या बांधणाऱ्यांचं पाप कमी होत नाही. आणि त्या माणसांच्या बदल्यात जे कापड दिलं जायचं, त्यात आपल्या गुजरातचं, कोरोमंडलचं कापड होतं. गोव्यात पोर्तुगीजांच्या घरी राबायला आणलेले आफ्रिकन गुलाम होते. तेव्हा 'आपला काय संबंध' हे मला सांगू नका.

बायकांच्या कोठड्यांसमोर एक अंगण आहे, वर गव्हर्नरचा सज्जा. तिथे उभं राहून तो बाई निवडायचा, गाइड सांगत होता. अंगणात लोखंडाचा गोळा आहे, नकार देणारीला त्याला साखळीने बांधायचे. त्याच इमारतीत डचांचं प्रार्थनाघर, दारावर बायबलमधलं वचन कोरलेलं. बाबा त्या गोळ्याजवळ बराच वेळ उभे होते. मग विचारलं, "यांना पाणी कोण द्यायचं रे?" मला उत्तर देता आलं नाही.

शेवटी जहाजाकडे जायची ती फट. एका वेळी एकच माणूस निघेल एवढीच. बाहेर आज कोळ्यांच्या रंगीत होड्या, पोरांचा कालवा, मासळीचा वास. बाबांनी त्या फटीच्या दगडाला हात लावला नाही. नुसते हात जोडले.

परत निघताना मुख्य दारात थबकले. उंबऱ्यावर पाय न ठेवता, माझा खांदा धरून पलीकडे आले. गाडीत बसल्यावर अर्ध्या तासाने एवढंच बोलले : "मी पाया पडलो रे त्या दाराच्या."

ते त्यांना अजून लागलंय. परवा फोनवर पुन्हा तेच.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. फोटोतली पोरं वाईट नाहीत, इथे येऊन सहा महिने झालेत, कुणी सांगितलंच नाही त्यांना. आम्ही जुन्यांनी सांगायला हवं होतं. फोटो जरूर काढा. पण तोफेवरून उतरा, आणि ती ओळ आजच्या आज काढा.

येत्या रविवारी मी पुन्हा जातोय. गाडी सकाळी सहाला निघेल, पाच जागा आहेत. त्या पाचांसाठीच ठेवल्यात.