न वाचलेल्या कादंबरीवर वीस मिनिटे

कादंबरी वाचून मग मत देणे हे वेळखाऊ आणि काहीसे कमीपणाचे काम आहे, हे ज्ञान मला परवाच्या रविवारी आमच्या पेठेतल्या वाचकमेळाव्यात झाले. तेथे एका ज्येष्ठ रसिकांनी कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'वर सलग वीस मिनिटे भाषण केले, टाळ्या घेतल्या आणि सोमवारी सकाळी माझी प्रत परत केली. माझी स्वतःची प्रत पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली असल्यामुळे मी त्यांच्यासाठी मुद्दाम कोरी विकत आणली होती. तिच्यातला एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा घडी घातलेला छापील कागद, कापायचा राहिला होता. ती सोळा पाने वरच्या कडेला जशी जुळलेली गेली, तशीच जुळलेली परत आली. ज्यांना त्यांच्या पंक्तीला बसायचे असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी नम्रपणे सांगतो.

मलपृष्ठ पुरेसे असते. त्यावरचे 'व्यामिश्र', 'अस्वस्थ करणारे' आणि 'जगण्याचे ताणेबाणे' हे शब्द वहीत उतरवून घ्यावेत आणि दर पाच मिनिटांनी एकेक सोडावा. अर्थ कोणी विचारत नाही.

पात्रांची नावे घेऊ नयेत.

पुरस्कार मिळालेला असेल तर 'पुरस्काराच्या मानाने' म्हणावे, नसेल तर 'उपेक्षित' म्हणावे. 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार असल्यामुळे रविवारी पहिला पर्याय वापरण्यात आला.

नव्या कादंबरीवर बोलताना निम्मा वेळ जुनीला द्यावा. कोल्हापुरात ही सोय फार चांगली आहे. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची, कोवाडच्या रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची, आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ची. यांतली एखादी शाळेच्या सुट्टीत वाचलेली असतेच, आणि 'तशी पकड आता कुठे राहिली' एवढे म्हटले की त्यानंतरच्या सगळ्या मराठी कादंबऱ्या एका वाक्यात निकालात निघतात. ('मृत्युंजय'मध्ये निवेदक किती, असे विचारण्याचा मोह मी आवरला.)

'भाषा फार ग्रामीण आहे, कळत नाही' हेही अवश्य म्हणावे. खोत यांचा पन्हाळा येथून वीस किलोमीटरवर आहे आणि तिकडची बोली न कळणारे हे गृहस्थ घरी नातवाला 'काय करालाईस रं' असेच विचारतात, पण व्यासपीठावर चढल्यावर माणसाने थोडे परके व्हावे.

आणि शेवटी विषय जुना झाला असे म्हणून खाली बसावे. 'विस्थापनाचा विषय आता घासून गुळगुळीत झाला, वाचकाला काही ताजे हवे,' हे वाक्य ज्या क्षणी उच्चारले गेले, त्या क्षणी त्यांच्या हातात पाण्याचे भांडे होते. कुठले होते ते पाणी? काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनची वाट या शहराने किती वर्षे पाहिली, त्यासाठी किती मोर्चे निघाले आणि किती रस्ते उकरले गेले, हे येथे कोणाला सांगायला नको. पण ते धरण काय ओसाड माळावर बांधले आहे? त्याच्या पाण्याखाली कोणाच्या तरी चुली, गोठे आणि देवळे गेली आहेत, आणि ती माणसे भलत्याच गावच्या शिवेवर नेऊन बसवलेली आहेत. 'रिंगाण' ही धरणात गाव गेलेल्या अशाच माणसांची आणि मागे रानात राहून गेलेल्या म्हशीची गोष्ट आहे. गाव उठते तेव्हा माणूस निदान सरकारी यादीत असतो. जनावर कोणत्याच यादीत नसते. तिला आणायला माणूस परत त्या रानात शिरतो, तो भाग वाचताना मी दोनदा पुस्तक मिटले आणि रंकाळ्यावर चक्कर मारून आलो. त्यांचे पाणी प्यायचे आणि त्यांची गोष्ट शिळी म्हणायची, तीही न वाचता! मलाही मधला काही भाग लांबलेला वाटला. पण लांबला हे म्हणण्यासाठी तो वाचावा लागतो, साहेब.

जुळलेल्या पानांबद्दल मी त्यांना दूरध्वनीवर विचारले, तेव्हा 'मी डोकावून वाचली' असे उत्तर आले. सोळा पाने, मांजराने गाडग्यात डोकवावे तशी.

आता उपरोध पुरे झाला. वाचायचे नसेल तर वाचू नका. डोळ्यांना त्रास असेल, वेळ नसेल, कंटाळा येत असेल, तर तसे सांगा, त्यात कसलीही लाज नाही. आवडली नाही म्हणून अर्ध्यात सोडली, असे म्हणालात तरी मी ऐकून घेईन, कारण निम्मी तरी तुम्ही वाचलेली असेल. पण समोर बसलेल्या चाळीस माणसांतल्या निम्म्यांनी तुमचे ऐकून ती कादंबरी हातात घ्यायची नाही असे ठरवले, आणि तो अधिकार तुम्हाला कोणी दिला नव्हता. पुढच्या महिन्याच्या कादंबरीवरही तुमचेच नाव लावलेले मी फलकावर पाहिले आहे. ती कोरी प्रत माझ्या टेबलावर तशीच पडून आहे, शेजारी कागद कापायची सुरीही ठेवली आहे. या, तो फर्मा आपल्या हाताने कापा, घरी नेऊन वाचा आणि तोवर कृपा करून गप्प बसा.